नव्या गटातली उपांत्य फेरी

माझ्या मुलीने मला सांगितलं होतं. डोकं दुखतंय, हॉटेलातले दिवे डोळ्यांत खुपतायत, जेवण समोर आलं की मळमळतंय, हे सगळं तिने सामन्याच्या दोन दिवस आधी मला फोनवर सांगितलं होतं. मी तिला म्हणालो, परवाचा सामना होऊ दे, मग सांग ट्रेनरला. ही चूक माझी. पुढे दोन महिने आमच्या घरात ती मुलीची चूक म्हणून ओळखली गेली आणि मी काही बोललो नाही. हे पहिल्या चुकीपेक्षा वाईट होतं आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

मी असा का वागलो हे सांगायचं तर आधी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळाबद्दल थोडं सांगावं लागेल. मुलगी तिकडे जाईपर्यंत मलाही त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आम्ही सिंगापुरात, चोआ चू कांगला राहतो. मुलगी इथेच वाढली. शाळेत फुटबॉल खेळायला लागली तेव्हा बायको म्हणाली, "चार दिवसांचं खूळ आहे." ते खूळ काही गेलं नाही. मैदानावर वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की बाकीची मुलं छपराखाली पळायची. ही सगळ्यांत शेवटी, चेंडू पायाने ढकलत, सावकाश यायची. पुढे फुटबॉलच्याच जोरावर तिला अमेरिकेतल्या एका मध्यम कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे ती बचाव फळीत डाव्या बाजूला खेळायची.

तिकडे कॉलेजांचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असतात ना, मूळ कल्पना तीच. शेजारच्यांनी आपसांत साखळी सामने खेळायचे, वरच्या काहींनी बाद फेरी खेळायची, आणि गटाचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत. मी स्वतः कॉलेजात असताना खो-खोच्या संघात राखीव खेळाडू होतो. आम्ही पश्चिम विभागाच्या पुढे कधी गेलो नाही, आणि तिथेही मी नुसता बसून होतो. फरक एवढाच की तिकडचे विभाग नकाशावरून ठरत नाहीत. पुरुषांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलचे सामने कुठल्या टीव्हीवर दिसणार यावर ठरतात. एक कॉलेज जुना गट सोडतं, त्याची जागा भरायला दुसरं सरकतं, दुसऱ्याच्या जागी तिसरं. मग पोहणाऱ्या मुली, धावणारी मुलं, सगळे संघ घर बदलताना भांडीकुंडी जावीत तसे मागोमाग नव्या पत्त्यावर जातात.

मुलगी तिसऱ्या वर्षाला गेली आणि तिच्या कॉलेजाने असाच गट बदलला. आधीचा गट लहान होता, सगळी कॉलेजं बसने गाठता येण्यासारखी. नवा गट या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला. मला फार आनंद झाला. आमच्या पिढीच्या पुणेकर बापाला 'कॉलेज वर गेलं' एवढंच ऐकू येतं. कोजागिरीला इथली मराठी मंडळी जमली होती, तिथे मी चार जणांना थांबवून सांगितलं, मोठ्या गटात गेलं म्हणून. कुणी विचारलं, म्हणजे रँकिंग वाढलं का? मी हो म्हणालो. तसं काही नव्हतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आता बस नाही. ऑल फ्लाइट्स. गुरुवारी निघायचं, सोमवारी पहाटे परत, नऊला लेक्चर."

"विमानात झोपायचं की मग."

"तू झोपून दाखव लाह, मधल्या सीटवर, गुडघ्याला बर्फ बांधून."

इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' चिकटवायची तिची सवय तिकडेही सुटली नव्हती. मी हसलो होतो.

खरं सांगायचं तर आमच्याकडे बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. ती बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मला सगळं सांगायची, मग हळूहळू बंद झालं. जे होतं ते फुटबॉलपुरतं. म्हणून मी तिच्या गटाचे सगळे नियम पाठ केले. कुणाचे किती गुण, बरोबरी झाली तर आधी काय बघतात, आठवं स्थान मिळायला कोणी कोणाला हरवायला हवं. वन-नॉर्थला माझं ऑफिस आहे, तिथे मी दिवसभर आकडेमोडच करतो. दुपारच्या सुट्टीत तिच्या गटाची करायला लागलो. ती रोज फोन करायची, कारण मला उत्तरं माहीत असायची. बायको म्हणायची, "पोरगी जेवली का ते तुला विचारता येत नाही. पण तिसरं कॉलेज सहाव्याशी हरलं तर काय होईल, ते झोपेतून उठवून विचारा."

जुन्या गटात हंगामानंतरची स्पर्धा दोन आठवडे चालायची. चारच संघ, मधे एक अख्खा आठवडा विश्रांती. नव्या गटात आठ संघ एकाच शहरात बोलवायचे आणि आठवड्याभरात तीन सामन्यांत निकाल लावायचा. विजेता राष्ट्रीय स्पर्धेत. बाकीच्यांतून निवड समिती काही संघ घेते, पण आमचा संघ आठव्या क्रमांकावर रडतखडत पोचलेला, आम्हाला कोण विचारणार? म्हणजे तीनही सामने जिंकणं हा एकच रस्ता. मला ही पद्धत आवडली होती. सुटसुटीत आहे, असं मी मुलीला म्हणालोसुद्धा.

"बाबा, मधे दोन दिवस. दोन दिवसांत पाय परत येत नाहीत," ती म्हणाली.

पहिल्या सामन्यात त्यांनी अव्वल संघाला पेनल्टीवर हरवलं. त्याच सामन्यात उंच चेंडूसाठी उडी मारताना तिचं आणि समोरच्या मुलीचं डोकं एकमेकांवर आदळलं. संघाची ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखण्याखुपण्याकडे बघणारी बाई, धावत आली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, प्रश्न विचारले. मुलगी ठीक आहे म्हणाली, आणि त्या वेळी ती होतीही ठीक.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा इथे मंगळवारची सकाळ होती. मी ऑफिसला जाताना जुरोंग ईस्ट स्टेशनात मेट्रो बदलून दाराशी उभा होतो.

"बाबा, डोकं दुखतंय."

"कालच्यामुळे?"

"माहीत नाही. सकाळी नव्हतं. आता लॉबीत बसलेय तर दिवे टोचतायत. जेवायला चिकन होतं, मला बघवेना."

"ट्रेनरला सांगितलंस?"

"ती समोरच आहे. बर्फाच्या पिशव्या भरतेय." ती मराठीत बोलत होती म्हणून एवढं मोकळं बोलत होती. तीन हातांवर बसलेल्या बाईला एक अक्षर कळत नव्हतं. "सांगितलं तर ती मला बाहेर बसवणार. नियमच आहे. मग तू सांग, सांगू का?"

तिने विचारलं, हे मी विसरू शकत नाही. तिने ठरवलं नव्हतं. ती मला विचारत होती, जसं ती रोज विचारायची, बरोबरी झाली तर काय, हरलो तर काय. आणि मी रोजच्यासारखं उत्तर दिलं. म्हणालो, विमानाचा शीण असेल गं. महिनाभर तुला धड झोप नाही. पाणी पी भरपूर, लवकर झोप. परवाचा सामना होऊ दे, मग सांग तिला.

मग तिकडून ट्रेनरचा आवाज आला, काहीतरी विचारलं असावं. मुलगी हसून इंग्रजीत म्हणाली, "माय डॅड. ही सेज ड्रिंक वॉटर."

आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसातली एक छोटी मीटिंगची खोली अडवून लॅपटॉपवर सामना लावला. पहिला अर्धा तास ती बरी दिसली. मी स्वतःला म्हणत होतो, बघ, शीणच होता. उत्तरार्धात एकदा चेंडू तिच्याकडे आला आणि ती आपल्याच गोलकडे वळली. थांबली. परत वळली. मैत्रिणीने ओरडून काही सांगितलं असावं, तिने मान हलवली, पण चेंडू घेऊन गेलेल्या मुलीच्या मागे गेली नाही. मग गोलच्या खांबाला हात लावून उभी राहिली, एखादी बाई बसच्या रांगेत उभी राहते तशी. पुढच्या मिनिटाला समोरच्या संघाने गोल केला. कॅमेरा त्यांच्यामागे गेला, मिठ्या, उड्या, मग तोच गोल परत, मग दुसऱ्या बाजूने परत. त्या दुसऱ्या वेळी मला दिसलं. चित्राच्या कोपऱ्यात, कॅमेरा जाळीच्या मागे जाण्याआधी, पांढऱ्या शर्टातली एक मुलगी गुडघ्यांवर बसते आणि कुशीवर आडवी होते. केसांच्या बांधणीवरून मी तिला ओळखलं. समालोचक गोलबद्दल बोलत होता. मग जाहिराती लागल्या.

काचेबाहेर लोक कॉफी घेऊन जात होते. मी तिला फोन लावला, तो कुठल्यातरी बॅगेत वाजत राहिला असणार. परत लावला. मी मोबाइलवर डोक्याच्या माराबद्दल वाचायला लागलो आणि दुसऱ्या ओळीत थांबलो. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर काय होतं, ते तिथे लिहिलं होतं.

बायकोचा फोन आला. ती बँकेत नोकरीला आहे, कामातून मधेमधे सामना बघत होती. "अरे, माझं अडकलंय. किती झालं?"

"ती पडली."

"पडली म्हणजे?"

"तू घरी ये."

घरी पोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी काय बोललो आठवत नाही. दुपार व्हायच्या आत ट्रेनरचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुलगी हॉस्पिटलात होती. शुद्धीवर होती, नाव सांगत होती, पण कुठल्या शहरात आहोत ते सांगता येत नव्हतं. स्कॅनला नेलं होतं. मग ट्रेनरने विचारलं, तुमचं रोज बोलणं होतं ना, सामन्याआधी तिने कसली तक्रार केली होती का? डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास? डॉक्टरांना ते कळायला हवंय.

"नाही," बायको म्हणाली. "शी टेल्स हर फादर एव्हरीथिंग. काही असतं तर तिने याला सांगितलं असतं." आणि माझ्याकडे बघितलं.

मी फोनकडे बघत राहिलो. ट्रेनर ओके म्हणाली. फोन बंद झाला.

मी चपला घालून खाली गेलो. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दोन म्हातारे पेपर वाचत बसले होते. त्यांच्यापासून लांब खांबाआड उभं राहून मी ट्रेनरला फोन लावला आणि सांगितलं, तिने तक्रार केली होती. मला. मी थांब म्हणालो.

मग तिने विचारलं, "कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी सरावाच्या आधी की नंतर?"

"नाही, माझा मंगळवार. तुमचा..." आणि मला सांगता येईना. मी महिनाभर तिकडच्या प्रत्येक सामन्याची वेळ इथल्या घड्याळात बसवत होतो, आणि आता मुलीचं डोकं कुठल्या दिवशी दुखायला लागलं ते मला जुळवता येत नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही तेव्हा कुठे होता? तिथून सुरुवात करा." मी ट्रेनमध्ये होतो. ती बर्फ भरत होती. हे ऐकल्यावर तिला आठवलं. "सोमवार संध्याकाळ," ती म्हणाली. मग तिने माझे आभार मानले आणि डॉक्टरांना सांगायला गेली.

वर आलो तर बायको कपाटावरची बॅग काढत होती. "कुठे गेलेलास?"

"रेंज मिळत नव्हती," मी म्हणालो.

मेंदूत रक्तस्राव नव्हता. हे कळायला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत मी देवघरासमोर बसलो, पण हात जोडले गेले नाहीत. काय मागायचं ते कळत होतं, कुठल्या तोंडाने मागायचं ते कळत नव्हतं.

बायको त्याच संध्याकाळच्या विमानाने गेली. माझ्या व्हिसाची मुदत संपली होती, मी मागे राहिलो. संघ हरला होता, त्यामुळे बाकीच्या मुली ठरलेल्या विमानाने दुसऱ्या दिवशी कॉलेजात परतल्या, जवळपास अर्धा देश ओलांडून. मुलगी त्या अनोळखी शहरात, शेजारी फक्त ती ट्रेनर, बायको पोचेपर्यंत. जुन्या गटात असती तर तिच्या खोलीतल्या मुली बसने येऊन तिच्या उशाशी बसल्या असत्या. मी दिवसभर फोन उलटा ठेवायचो आणि परत सुलटा करायचो. ट्रेनरने बायकोला काही सांगितलं नाही. ते घरच्यांनी घरच्यांना सांगायचं असतं, असं तिला वाटलं असावं. डॉक्टरांकडून बायकोला एवढंच कळलं की दुखणं दोन दिवस आधीपासूनचं होतं, आणि पोरीने ते सगळ्यांपासून लपवलं असं तिने धरलं.

डिसेंबरात बायको तिला घेऊन आली. मधल्या खोलीचे पडदे आम्ही सेफ्टी पिनांनी बंद केले. ती वाचू शकत नव्हती. मिक्सर लावला की कान झाकायची. एकदा फ्रिज उघडा ठेवून उभी होती, मी विचारलं काय हवंय, तर म्हणाली, "ते, बाबा, ते... भातावर घालतो ते पांढरं."

"दही?"

"हां, दही." ती हसली. मी हसू शकलो नाही. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी तिच्या दाराशी उभा राहायचो, आतून कूस बदलल्याचा आवाज येईपर्यंत. ती कायमची अशी राहिली तर? ही भीती होती. आणि तिच्या शेजारीच दुसरी, की बायकोला कळलं तर? कुठली मोठी होती असं कोणी विचारलं असतं तर मी पहिली म्हटलं असतं. पण खरं उत्तर दिवसागणिक बदलत होतं.

एका दुपारी जेवताना बायकोचा बांध फुटला. "एका मॅचसाठी लपवलंस? आम्ही कशाला आहोत मग? फोन होता ना हातात?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, ती मला सांभाळून घेतेय. आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "सॉरी, आई." मी तिला आमटी वाढली.

जानेवारीत इथल्या मेंदूच्या डॉक्टरकडे तिला दाखवायला नेलं. वसंतातल्या सरावाला यायचं की नाही हे तिच्या कोचला कळवायचं होतं. डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या चिनी बाई होत्या. तिकडून फक्त स्कॅन आले होते, म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. सामन्यातलं तिला काही आठवत नव्हतं. सामन्याच्या आधीचं काय आठवतं?

मुलगी म्हणाली, "डोकं दुखत होतं. मला वाटतं मी बाबाला सांगितलं. लॉबीत. पण कदाचित नसेल सांगितलं. आता मला खात्री नाही. बरंच काही मी मनानेच जोडते असं वाटतं."

"नाही सांगितलं," बायको हळू आवाजात म्हणाली. "सांगितलं असतं तर..."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि टाइप करायला लागल्या. बोलता बोलता म्हणाल्या की माराच्या आधीच्या दिवसांच्या आठवणीही जाऊ शकतात, किंवा चुकीच्या तयार होऊ शकतात. तसं असेल तर मैदानावर परत जाण्याबद्दल जास्त सावध राहावं लागेल. मुलीने ओठ आत ओढून घेतले होते. तेव्हा मला त्या जेवणाच्या वेळचं तिचं बघणं कळलं. ती मला सांभाळत नव्हती. ती मला विचारत होती, हे घडलं होतं ना? दोन महिने ती माझ्या तोंडाकडे बघून ठरवत होती की आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, आणि माझ्या तोंडावर काही नव्हतं.

मी इंग्रजीत डॉक्टरांना म्हणालो, तिचं बरोबर आहे. तिने सांगितलं होतं. डोकं, दिवे, मळमळ. मीच तिला थांब म्हणालो.

डॉक्टरांची बोटं थांबली. त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि दुसरं लिहिलं. मुलीने श्वास सोडला, इतका लांब की तिचे खांदे खाली आले. "सो आय डिडन्ट इमॅजिन," ती म्हणाली.

बाहेर औषधांच्या काउंटरसमोर आम्ही नंबर यायची वाट बघत बसलो. बायको एक खुर्ची सोडून बसली. पडद्यावरच्या नंबरांकडे बघत ती म्हणाली, "त्या दिवशी मी फोनवर बोलत होते, तिने याला सांगितलं असतं म्हणून. तू माझ्या शेजारी बसला होतास."

"हो."

"आणि मी पोरीला बोलले."

"हो."

मुलगी काउंटरवर चिठ्ठी देऊन आली आणि आमच्या मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसली. "इट्स ओके लाह, बाबा," ती म्हणाली, बहुधा भांडण होऊ नये म्हणून.

मी म्हणालो, "ओके नाही. तू मला विचारलंस, सांगू का. तेव्हा मला सामना हवा होता. तुझं दुखणं मी ऐकलं आणि बाजूला ठेवलं. मग आईची बोलणी तू खाल्लीस आणि मी तुला आमटी वाढत बसलो. तुला वाटायला लागलं की तुझंच डोकं बिघडलंय, तरी मी गप्प. तुझी आठवण बरोबर होती, पहिल्यापासून. मी चुकलो, बाळा. मला माफ कर." आणि तिच्यापलीकडे बसलेल्या बायकोकडे वळून म्हणालो, "तुझीही माफी मागतो. तुझ्या तोंडून खोटं वदवलं मी, आणि ते तसंच राहू दिलं."